दोन्हीकडचे गनीचाचा

गनीचाचांना कुणी "काय चाचा, कसं काय?" म्हणून विचारलं की ते उत्तर देत नाहीत. चष्म्यावरून बघतात आणि उलट विचारतात, "विषय?"

विषय सांगितल्याशिवाय या माणसाशी बोलणं सुरूच होत नाही. "चाचा, चहा घेता का?" म्हटलं की म्हणतात, "विषय चहा. मागणी रास्त हाय. मंजूर." पुतण्याच्या लग्नात वाढप रेंगाळलं, तेव्हा वरबापाला बाजूला घेऊन सांगत होते, "सदर त्रुटीची पूर्तता तात्काळ करा, पाव्हणं नाराज हायत." एकदा गावात एक माणूस अचानक गेला. चाचा सांत्वनाला गेले. त्याच्या बायकोनं हंबरडा फोडला, "असं कसं झालं हो चाचा!" चाचा खाली बसले आणि म्हणाले, "घटनाक्रम सांगा." मी तिथंच होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या बाईनं पहाटे छातीत कळ आल्यापासून सगळं नीट सांगितलं, आणि पुढं महिन्याभरानं मला म्हणाली, "सगळे आले आन् रडू नका म्हणून गेले बाई. ऐकून घेतलं ते चाचांनीच."

अब्दुल गनी तांबोळी हे त्यांचं पूर्ण नाव. तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली पत्र्याची ट्रंक मांडून या माणसानं उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिले. सातबाऱ्यावर नाव लावा, रेशनकार्डातून नाव काढा, भावानं बांध कोरला, नवरा नांदवत नाही, बायको नांदत नाही, सगळ्या भानगडी त्यांच्या निळ्या शाईतून साहेबापर्यंत जायच्या. अक्षर टपोऱ्या ज्वारीसारखं. मग कचेरीत सगळं ऑनलाइन झालं आणि चाचा ट्रंक उचलून गावी आले. आमचं गाव ईट या मोठ्या गावापासून अर्ध्या तासावर. इथं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकाला लागून एक दगडी कट्टा आहे, त्यावर त्यांनी दुकान मांडलं. ऑनलाइन अर्ज करूनही ज्यांचं काम झालं नाही अशी माणसं आता चाचांकडं येतात. म्हणजे सगळीच येतात.

त्यांचा नियम एकच, येईल त्याचा अर्ज लिहायचा. दोन भावांची बांधावरून जुंपली तेव्हा थोरल्याचा अर्ज त्यांनी सकाळी लिहिला आणि धाकट्याचा दुपारी. थोरला बोंबलतच आला, "चाचा, तुमी त्याचाबी लिवला?" चाचा थंड. म्हणाले, "अर्जाला जात न्हाय, धर्म न्हाय, भावकी न्हाय. अर्जाला फकस्त तारीख आसती. तुजा सकाळचा हाय, तू पुढं." थोरला खूश होऊन गेला. धाकट्याला हळूच सांगितलं, "त्याच्यात दोन मुद्दे हायत, तुज्यात तीन." तोही खूश. बांधाचं भांडण अजून चालू आहे.

मी त्या शाळेतली बाई. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि दोन शिक्षक. दुसरे सर कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला असतात, तेव्हा एकच धरा. माझं काम काय विचाराल तर खिचडीचा फोटो टाकणं, हात धुतल्याचा फोटो टाकणं, झाड लावल्याचा फोटो टाकणं, आणि फोटो गेला नाही तर का गेला नाही याची माहिती भरणं. मधून वेळ मिळाला तर शिकवते. तशी मला कुणाची तक्रार नाही, पण माझा आवाज मोठा आहे आणि जीभ तिखट, त्यामुळं तक्रार असेल तरी समोर कुणी करत नाही.

पोरं किती? चौदा. बाकीची सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. गेल्या वर्षी वरून पत्र आलं की इतक्या कमी पटाची शाळा चालवणं परवडत नाही, यंदाच्या जूनपासून या पोरांचं ईटच्या शाळेत समायोजन करावं. समायोजन म्हणजे शाळेला कुलूप, पण असं थेट कुठलं पत्र म्हणत नसतं. मी ते पत्र ग्रामसभेत वाचून दाखवलं. सभेला सात माणसं होती. त्यांतली दोघं झोपली होती आणि एक ग्रामसेवक होता.

मग राज्यातल्या शाळांसाठी नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आला. त्यात श्लोकांचं पाठांतर असावं, जुन्या ग्रंथांतले उतारे असावेत, असं काहीतरी होतं. काहीतरी म्हणते, कारण गावात तो कुणीच वाचला नव्हता. मी पण नाही, खोटं कशाला बोलू. पण टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडताना सगळ्यांनी पाहिली होती, आणि तेवढ्यावर मत बनवायला आपल्याकडं कुणाची हरकत नसते. त्यात बातमीच्या शेवटी लिहिलं होतं की नागरिकांनी आपल्या सूचना आणि हरकती पाठवाव्यात. झालं! ज्या गावाला शाळेचं छत गळतंय हे तीन वर्षं सांगून कळलं नव्हतं, त्याला एका रात्रीत शिक्षणाची काळजी लागली.

दोन बाजू पडल्या. एका बाजूला तात्या, म्हणजे सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचं म्हणणं, पोरं बिघडली ती श्लोक सुटल्यामुळं, तेव्हा शाळेत श्लोक पाहिजेच. दुसऱ्या बाजूला प्राध्यापक. ते कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त होऊन गावी आले होते आणि ऐकायला विद्यार्थी नसल्यामुळं सगळ्या गावाला शिकवत होते. त्यांचं म्हणणं, सरकारी शाळेत पुस्तक शिकवावं, पोथी ज्याची त्यानं घरी वाचावी. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं, फक्त ते दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते. हॉटेलात कप फुटले, दोन सोयरिकी मोडता मोडता राहिल्या.

आता गंमत सांगते. तात्यांचे दोन नातू आणि प्राध्यापकांची एक नात, तिघंही पिवळ्या गाडीतून जातात. एकाच बाकड्यावर बसतात. त्या शाळेत सकाळी हात जोडून इंग्रजीत कसलीशी प्रार्थना होते. कुणाची, कशाची, तात्यांना ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाले, "विंग्रजीत हाय म्हणल्यावर चांगलीच आसंल की बाई." प्राध्यापकांना विचारलं, तर म्हणाले, "तिथलं वातावरण पूर्णपणे वैज्ञानिक आहे." त्या गाडीच्या काचेवर चार देव आणि एक लिंबू-मिरची आहे. पण ते असो.

दोघंही अर्थातच अर्ज लिहायला चाचांकडं आले. तात्या सकाळी, प्राध्यापक दुपारी. चाचांनी दोघांचेही घटनाक्रम ऐकून घेतले, दोघांनाही पुन्हा पुन्हा विचारलं, "आणखी काय जोडायचं?" आणि दोन्ही अर्ज असे झक्क लिहिले की वाचणाऱ्यानं आधी तात्यांचा वाचला तर कपाळाला गंध लावावं आणि नंतर प्राध्यापकांचा वाचला तर पुसावं. दोन्ही अर्ज चार चार पानी. अर्ध्या गावानं एकावर सह्या ठोकल्या, अर्ध्यानं दुसऱ्यावर, आणि चारपाच हुशार माणसांनी दोन्हींवर.

कुणीतरी चाचांना डिवचलंच, "चाचा, तुमी मुसलमान. तुमाला सोताला काय वाटतं?"

"तो विषय न्हाय," चाचा म्हणाले. "म्या अर्जदार न्हाय."

माझी मात्र सटकली. मी मधल्या सुट्टीत कट्ट्यावर गेले आणि त्यांना वाट्टेल ते बोलले. "लाज वाटत नाही का चाचा? जूनमध्ये शाळेला टाळं लागणार, आणि तुम्ही दोन्हीकडं रॉकेल ओतताय!"

चाचांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, शाळेचं छत गळतंय म्हणून तुमी किती अर्ज केले?"

"सहा."

"कोण आलं?"

"कुणी नाही."

"मंग. गार विषयाला साहेब येत न्हाईत."

मला त्या क्षणी हा माणूस अगदी आतून सडका वाटला. चार दिवस मी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि फाटकातून जाताना मान दुसरीकडं वळवायची म्हणजे किती त्रास होतो ते माझं मला माहीत.

त्यांच्या बायकोशी मात्र रोज बोलणं व्हायचंच, कारण खैरूनचाची आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. मूलबाळ नाही. नवरा जितका कागदाचा, तितक्या या बिनकागदाच्या. दर महिन्याला रजिस्टरवर अंगठा उमटवतात आणि तो पदराला पुसत चुलीकडं जातात. गॅस आहे शाळेत, पण टाकी कायम संपलेली असते. चाचींचा चौदा पोरांवर जीव, तोंडानं मात्र दिवसभर "मेल्यांनो" आणि "मुडद्यांनो".

आणि साहेब खरंच आले. इतक्या सह्यांचे दोन उलटसुलट अर्ज, त्यात गावात तणाव असल्याची कुणकुण, त्यामुळं वरून हुकूम आला की समक्ष जाऊन सुनावणी घ्या. शिक्षण विभागाचे ते साहेब दुपारी बाराच्या सुमाराला जीपमधून उतरले. चौथीच्या वर्गात सुनावणी भरली. साहेब माझ्या खुर्चीवर आणि गाव पोरांच्या बाकड्यांवर, गुडघे हनुवटीला लावून.

आधी तात्या उठले. "साहेब, ह्या शाळंतल्या पोरांना एक, एकबी श्लोक येत न्हाय! कुठून यायचं संस्कार?"

लगेच प्राध्यापक उठले. "आणि आम्ही या शाळेत एकही श्लोक शिरू देणार नाही! ही भूमिका आहे आमची!"

एवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून चौदा पोरांचा एकसुरी आवाज आला. ताटं पुढ्यात घेऊन, डोळे मिटून, जेवणाआधीचा श्लोक. पहिल्यापासून शेवटपर्यंत, खणखणीत.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "हे काय?"

"जेवणाआधीचा श्लोक, सर. रोज असतो."

"कधीपासून?"

"मी या शाळेत आले त्याच्याही आधीपासून." मग मला राहवलं नाही. "तात्या आणि प्राध्यापक दोघं याच शाळेत शिकलेत. त्यांनीही म्हटलेला असणार. विसरले असतील, इकडं येणं होत नाही ना हल्ली."

पोरं थांबली, तसा बाहेरून चाचींचा आवाज आला, "आजून एकदा म्हणा रं मुडद्यांनो! खिचडी लई गरम हाय!"

पोरांनी पुन्हा सुरू केला. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. प्राध्यापकांना काय वाटलं कोण जाणे, ते दारात जाऊन म्हणाले, "चाची, तुमच्यावर कुणाची सक्ती वगैरे आहे का? तुम्हाला हे चालतं?"

"मला काय चालायचंय?" चाची पळी घेऊनच आल्या. "एकदा म्हणलं की वाफ जाती, दोनदा म्हणलं की तोंड भाजत न्हाय. न्हायतर हे राक्षस थांबतेत व्हय?"

तात्या खाली बसले. प्राध्यापकही बसले. साहेबांनी घसा साफ केला आणि अर्ज उघडले. पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की दोन्हींचं अक्षर एकच आहे. मागच्या बाकड्यावरून चाचा उभे राहिले, म्हणाले, "हस्ताक्षर माझं, म्हणणं ज्याचं त्याचं," आणि खाली बसले. मग साहेब शेवटच्या पानावर आले. तिथला शेवटचा परिच्छेद त्यांनी मोठ्यानं वाचला, "सबब, सदर हरकतीचा अंतिम निर्णय लागेपर्यंत प्रस्तुत शाळेची जागा, वर्ग, पट, शिक्षक व पोषण आहार यांत कोणताही बदल करू नये. सर्व जैसे थे ठेवावे." दुसरा अर्ज उलटला. त्यातही तोच परिच्छेद, कान्यामात्रेचा फरक नाही.

"तात्या, ही तुमची मागणी आहे?"

तात्यांनी ते शेवटचं पान बापजन्मात वाचलं नव्हतं. पण आख्ख्या गावासमोर 'न वाचता सही केली' असं माजी चेअरमन कसा म्हणेल? "व्हय तर! मुद्दाम लिवायला लावलं म्या."

"आणि सर, तुमची?"

"अर्थात," प्राध्यापक म्हणाले. "पूर्ण विचारांती."

साहेब हताशपणे म्हणाले, "अहो, मसुद्यावर निर्णय कधी होईल ते मला माहीत नाही. पण अख्ख्या गावानं दोन्ही बाजूंनी असं लेखी दिल्यावर मी समायोजनाचा प्रस्ताव पुढं कसा पाठवू? उद्या माझ्याच गळ्याशी येईल. दोघांनी अर्ज मागं घ्या, म्हणजे मोकळं."

"आदी त्यांनी घ्यावा," तात्या म्हणाले.

"आधी त्यांनी," प्राध्यापक म्हणाले.

साहेबांनी फायलीवर 'हरकती प्रलंबित' असं लिहिलं, दोन घास खिचडी खाल्ली आणि गेले. शाळा वाचली. निदान जूनपुरती तरी नक्की वाचली, कारण तात्या आणि प्राध्यापक यांच्यात आधी कोण माघार घेईल याचा निकाल यमाच्या दरबारातही लागायचा नाही.

गाव पांगलं, तशी मी धावत कट्ट्यावर गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "चाचा, कमाल केलीत! मला आधी सांगायला काय झालं होतं? चार दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत होते."

मला वाटलं आता विचारतील, विषय? पण ते ट्रंकेच्या कडीशी चाळा करत बसले. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "बाई, तुमी कवा चुलीमागची भिंत बगितली का?"

"नाही. का?"

"खैरून शिकायलीय. कोळशानं लिवती भिंतीवर. पहिलीतल्या तिघी पोरी हायत न्हवं, त्या ताटं धुताना तिला शिकवत्यात. म्या एकदा डबा न्यायला गेलतो तवा दिसलं. क होता. मंग मला नादच लागला. रोज काहीतरी निमित्त काढून जातो आन् भिंत बगून येतो. आता ध पर्यंत आलीय."

माझ्या पाठीमागं, वीस पावलांवर, एक बाई रोज अक्षरं गिरवत होती, आणि मी शिक्षिका. त्याहून खाली मान घालायची गोष्ट म्हणजे निरक्षरांच्या सर्वेक्षणात आमच्या गावापुढं मीच 'शून्य' भरलं होतं. कुणी राहिलं असं दाखवलं तर पुन्हा फोटो आले, म्हणून.

"पण चाचा, तुम्ही घरात असताना ती पोरींकडून का शिकते? तुमच्यासारखं अक्षर..."

"त्या अक्षरानंच घात केला," ते म्हणाले. "लग्न झालं तवा शिकवाया बसलो होतो. तिचा क उलटा यायचा. चार माणसं बसली होती, त्यांच्याम्होरं म्या हासलो. पाटी हातातून वडून घेतली, म्हणलो, तुझ्या हाताला भाकरीच बरी. तिनं पाटी ठिवली. म्हणाली, 'तुम्हारा अक्षर तुम्हारे पास रक्खो.' त्यानंतर उभ्या जन्मात माझ्यासमोर पेन्सिल धरली न्हाय, बाई. आख्ख्या तालुक्याचं लिवलं म्या, आन् घरात अंगठा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "शाळा ईटला गेली तर त्या पोरी जातील. मंग ती कुणाकडं शिकंल? माझ्याकडं तर न्हायच. ज्ञ पर्यंत तरी ऱ्हाऊ द्या म्हणलं. तिला सांगू नका. मला म्हाईत हाय आसं कळलं तर ती भिंत पुसून टाकील."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन मी चुलीजवळ गेले. चाचींनी मला पाहिलं आणि भिंतीसमोर अंग आडवं करून उभ्या राहिल्या. "पोरींनी काढलंय बाई. पुसती म्या."

"पोरींना ध नीट येतो चाची. हा तुमचा आहे."

त्या खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी म्हटलं, "एक दिवस चाचांना करून दाखवणार आहात का? मला लिहिता येतं म्हणून?"

"छे. त्यांना कशाला?" मग इकडंतिकडं बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हात कापतोय त्यांचा. गेल्या पावसाळ्यापासून. घरी लिवताना डाव्या हातानं उजवा धरून बसत्यात. माझ्यापासून लपिवत्यात, म्हणून मीबी बगितलं न्हाय आसं दावती. त्यांना लिवण्याबिगर दुसरं काय हाय, बाई? पोर न्हाय, बाळ न्हाय. हात थांबला की रिकामी ट्रंक घिऊन बसतील त्या कट्ट्यावर, आन् कुणी यायचं न्हाय. म्हणून म्हणलं, तवर आपुन शिकून घ्यावं. ते सांगतील, म्या लिवीन." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ऱ्हाईल न्हवं शाळा तवर?"

"राहील," मी म्हटलं. "तात्या आणि प्राध्यापक खंबीर आहेत."

त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी पाटी मांडीवर घेतली. ध ची गाठ उलटीकडं गेली होती. मी त्यांचं बोट धरून ती गिरवली, पुसली, पुन्हा गिरवली. पाच वेळा चुकली. बाहेर पोरांनी नुसता धुडगूस घातला होता, घंटा होऊन गेली होती, फोटो टाकायचा राहिला होता, आणि मी एकदाही आवाज चढवला नाही.